गोंगाटाला माप कसे मिळाले?

लातूर जिल्ह्याच्या एका टोकाला, नांदेड जिल्ह्याच्या सीमेजवळ वसलेल्या जळकोटसारख्या गावातील एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. दहावीच्या वर्गात बीजगणिताचा तास चालू आहे. शेजारच्या गल्लीत लग्न आहे, जयंती आहे किंवा सप्ताह आहे. खिडक्या लावून घेतल्या तरी भोंग्याचा आवाज आत येतोच. शिक्षक प्रथम आवाज चढवतात, मग तोंडी सांगणे सोडून फळ्यावर लिहून देतात आणि शेवटी ‘पुढची उदाहरणे मनातल्या मनात सोडवा’ असे सांगून खुर्चीवर बसतात. अशा वेळी एखादा विद्यार्थी विचारतो, “सर, हे बंद करा म्हणून सांगायचं कोणाला?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले आहे. कधी ते घरमालकाच्या हाती होते, कधी पोलीस अधिकाऱ्याच्या, कधी संस्थानाच्या सरकारच्या. गेली काही दशके ते डेसिबेल नावाच्या एका आकड्याच्या हाती दिलेले आहे. हा बदल कसा घडला आणि आकडा मिळाल्याने आपला प्रश्न सुटला का, हे या लेखात पाहू या.

एकाच दशकातील दोन कायदे

गोंगाटाविषयीच्या आधुनिक कायद्यांच्या इतिहासात एका वैज्ञानिकाचे नाव ठळकपणे येते. गणकयंत्राची कल्पना मांडणारा चार्ल्स बॅबेज लंडनमध्ये राहत असे. रस्त्यावर पेटी वाजवत फिरणाऱ्या वादकांनी त्याला अगदी जेरीस आणले होते. १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने रस्त्यावरील उपद्रवांवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. मागील बारा वर्षांचा हिशेब केला तर आपल्या काम करण्याच्या शक्तीचा एक चतुर्थांश भाग या उपद्रवापायी वाया गेला, असे त्याने त्यात नोंदवले आहे.

बॅबेजजवळ आवाज मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते. म्हणून त्याने आवाजाऐवजी आवाजामुळे झालेले नुकसान मोजण्याचा प्रयत्न केला. ही कल्पना आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने लंडनपुरता रस्त्यावरील वाद्यांचा कायदा केला. आजारपण किंवा नेहमीच्या कामातील व्यत्यय असे कारण देऊन घरमालक वादकाला दूर जाण्यास सांगू शकतो आणि वादकाने ते ऐकले पाहिजे, असा त्याचा आशय होता. म्हणजे तक्रार करण्याचा आणि आवाज थांबवण्याचा अधिकार घरात बसलेल्या माणसाला मिळाला. अर्थात ज्याचे घर, त्यालाच तो मिळाला. पोटासाठी रस्त्यावर पेटी वाजवणाऱ्याला असा कोणताही अधिकार मिळाला नाही. बॅबेजवर त्या काळी टीका झाली ती यामुळेच.

याच्या तीन वर्षे आधी, १८६१ साली, हिंदुस्थानासाठी पोलीस कायदा झाला होता. त्याच्या तिसाव्या कलमात मिरवणुकांबरोबरच सण-समारंभांच्या वेळी रस्त्यांवर वाद्ये किती वाजवावीत याचे नियमन करण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यांना दिला आहे. दोन्ही कायदे एकाच दशकातले आणि एकाच साम्राज्यातले, पण त्यांचा हेतू वेगळा होता. लंडनच्या कायद्याला घरातल्या माणसाच्या कामाची आणि झोपेची काळजी होती. इकडच्या कायद्याला काळजी होती ती दंगा होऊ नये याची. वाद्यांमुळे कोणाचा अभ्यास बुडतो का, हा प्रश्न त्यात नव्हताच.

या फरकाचे परिणाम आपल्याकडे दीर्घकाळ टिकले. आजही एखाद्या गावात आवाजाची तक्रार झाली की ‘दोन गटांत तेढ आहे का?’ हे आधी पाहिले जाते आणि ‘आवाज किती आहे?’ हे नंतर.

संस्थानातील परवाना

जळकोटचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामी राज्यात होता. तेथे १९२९ साली ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखले जाणारे फर्मान निघाले. सार्वजनिक सभा घ्यायची तर आधी सरकारकडून मंजुरी घेतली पाहिजे, असे बंधन त्याने घातले. मराठवाड्यातील शैक्षणिक, साहित्यिक आणि राजकीय कार्यकर्त्यांना या फर्मानाचा काच सोसावा लागला. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते याच वातावरणात.

हा काही गोंगाटाचा नियम नव्हता. त्याचा रोख बोलण्यावरच होता. तरीही या इतिहासात त्याला जागा द्यायला हवी. ‘आधी लेखी परवानगी घ्या, मग आवाज करा’ ही अट दिसायला निरुपद्रवी असते. ती द्यायची की नाही हे एखाद्याच्या मर्जीवर ठेवले, तर तीच अट लोकांची तोंडे बंद करण्याचे साधन होते. मराठवाड्याने हे अनुभवले आहे. म्हणून ध्वनिवर्धकावर बंधन घालणाऱ्या कोणत्याही नियमाला आपण विचारले पाहिजे की तो आवाजाची पातळी पाहतो की बोलणाऱ्याचे तोंड पाहतो.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई पोलीस कायदा झाला. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि पुढे हाच कायदा, आजच्या नावाने महाराष्ट्र पोलीस कायदा, इकडेही लागू झाला. त्याच्या ३८ व्या कलमानुसार आसपासच्या रहिवाशांना त्रास, व्यत्यय किंवा अस्वस्थता होत असल्याची खात्री पटल्यास पोलीस आयुक्तांसारखे अधिकारी वाद्यांचा, गाण्याचा अथवा एखाद्या धंद्यातून होणारा आवाज थांबवण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. शेजाऱ्याला होणारा त्रास येथे कायद्याच्या केंद्रस्थानी आला, ही मोठीच प्रगती होती. पण त्रास म्हणजे किती आवाज? हे ठरवणे पुन्हा अधिकाऱ्याच्या खात्रीवरच राहिले. मोठ्या माणसाच्या दारातला आवाज कमी त्रासदायक वाटण्याचा धोका त्यात होता.

डेसिबेल कोठून आला?

दरम्यान अमेरिकेत एक वेगळीच घडामोड झाली होती. १९२० च्या दशकात दूरध्वनीच्या तारांमधून संदेश जाताना त्याची शक्ती किती घटते हे मोजण्यासाठी तेथील अभियंत्यांनी एक एकक वापरात आणले आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला ‘बेल’ म्हटले. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबेल. कानाला ऐकू येणाऱ्या सर्वांत क्षीण ध्वनीचा दाब साधारण २० मायक्रोपास्कल मानतात आणि तेथे शून्य डेसिबेल धरतात. ही मोजपट्टी लॉगरिथमची आहे. दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणून ५५ वरून ७५ डेसिबेलवर जाणे म्हणजे तीव्रता शंभरपट होणे. कानाला मात्र तो आवाज साधारण चौपट मोठा वाटतो. वर्गात लॉगरिथम शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

१९२९ साली न्यूयॉर्क शहराने गोंगाट निवारण आयोग नेमला. मोजणीची उपकरणे ट्रकवर चढवून ती शहरभर फिरवली गेली आणि १९३० साली अहवाल प्रसिद्ध झाला. एखाद्या शहराचा गोंगाट अशा पद्धतशीर रीतीने मोजण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता. ‘मला त्रास होतो’ या वाक्याच्या जागी ‘येथे इतके डेसिबेल आहेत’ हे वाक्य आता उच्चारता येऊ लागले. गरीब आणि श्रीमंत, पाहुणा आणि गावकरी, सगळ्यांच्या दारात मापक एकच आकडा दाखवतो. आकड्याचे हे सामाजिक मोल ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याच काळात, १९२५ साली, राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिवर्धकाची आधुनिक रचना मांडली. आवाज मोजण्याचे आणि तो वाढवण्याचे अशी दोन्ही तंत्रे बरोबरच वाढली. आपल्याकडे मात्र वाढवणारे यंत्र खेड्यापर्यंत पोचले आणि मोजणारे मागे राहिले.

भारतीय कायद्यात आकडा येतो

१९८१ साली हवा प्रदूषण नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच्या १९८७ च्या दुरुस्तीने ध्वनीचाही हवेतील प्रदूषकांत समावेश केला. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्या नागरिकांनी १९८० च्या दशकापासून उच्च न्यायालयात हा विषय लावून धरला होता. पुढे १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम जारी केले. त्यातील मर्यादा शिक्षकांनी पाठ कराव्यात अशा आहेत. दिवसा (सकाळी ६ ते रात्री १०) आणि रात्री अनुक्रमे औद्योगिक भागात ७५ व ७०, व्यापारी भागात ६५ व ५५, निवासी भागात ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबेल. ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी हवी आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो उघड्यावर वाजवता येत नाही. २००२ च्या दुरुस्तीने राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री १२ पर्यंत सूट देण्याची मुभा दिली.

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात सांगितले की बोलण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, पण दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क कोणालाही नाही. गश्ती ५३ ची आठवण असलेल्या प्रदेशात हे तत्त्व विशेष समजून घ्यावे. बोलणाऱ्याचा हक्क शाबूत ठेवून न ऐकणाऱ्याचा हक्क मान्य करण्याचा मार्ग येथे सापडतो. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर निकाल देताना ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अविभाज्य भाग नाही असे म्हटले आणि पोलिसांना ध्वनिमापक पुरवण्याचे निर्देश दिले.

आकडा गावात उतरतो तेव्हा

आता थोडे गणित करू. समजा, एका भोंग्यासमोर १ मीटर अंतरावर ११० डेसिबेल आवाज आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने घटतो आणि दसपट झाले की २० ने. म्हणजे १० मीटरवर ९०, १०० मीटरवर ७०. निवासी भागाची ५५ ची मर्यादा गाठायला सुमारे ५६० मीटर दूर जावे लागेल आणि रात्रीची ४५ ची मर्यादा गाठायला पावणेदोन किलोमीटरहून अधिक. घरे आणि झाडे आवाज काही प्रमाणात अडवतात. उलट हिवाळ्यातील पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे ध्वनी खाली वळतो आणि आणखी दूर जातो. मराठवाड्यातील बहुतेक खेड्यांचा सगळा विस्तारच अर्ध्या-एक किलोमीटरचा. पूर्ण आवाजात लावलेला एक भोंगा संपूर्ण गावात नियम मोडतो, हे वहीच्या अर्ध्या पानात सिद्ध होते.

पण आकड्यालाही दोन मर्यादा आहेत. पहिली सरासरीची. नियमातील मर्यादा ठरावीक काळाच्या ऊर्जेच्या सरासरीवर बसवलेल्या आहेत. एरवी ४५ डेसिबेल शांतता असलेल्या गल्लीत दिवसभरात फक्त पाच मिनिटे ७५ डेसिबेल आवाज झाला, तर सोळा तासांची सरासरी सुमारे ५३ भरते, म्हणजे मर्यादेच्या आत. त्या पाच मिनिटांत झोपमोड झालेल्या तान्ह्या मुलाची नोंद सरासरीत होत नाही.

दुसरी मर्यादा जड आवाजांची. मापकातील ‘ए’ भारांकन हे मंद आवाजांच्या बाबतीत कानाची संवेदना कशी असते यावर आधारलेले आहे. ते कमी कंप्रतेच्या ध्वनीला कमी लेखते. १०० हर्ट्‌झला सुमारे १९ डेसिबेल आणि ६३ हर्ट्‌झला सुमारे २६ डेसिबेल वजा होतात. डीजेच्या मोठ्या पेट्यांतून निघणारा धडधडाट बराचसा याच पट्ट्यात असतो. छातीत जाणवणारा हा आवाज मापकावर त्या मानाने सौम्य दिसतो.

या मर्यादांपेक्षाही मोठी अडचण आहे ती मापक हाती धरणाऱ्याची. नियमांनुसार कारवाई करणारे प्राधिकरण म्हणजे जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखाली नसलेला अधिकृत अधिकारी. सरपंच किंवा नगराध्यक्ष या व्याख्येत येत नाही. आवाज गल्लीतला असतो आणि अधिकार तालुक्याला किंवा त्याहून दूर. शिवाय लहान गावात तक्रार कोणी केली हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. बदलीवर आलेल्या शिक्षकाने किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने ही जोखीम का घ्यावी? मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ च्या निकालात पोलिसांना तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करण्यास सांगितले, ते म्हणूनच महत्त्वाचे आहे.

बारडचा ठराव

कायद्याचा अधिकार दूर असताना गाव काय करू शकते, याचे एक उदाहरण जवळच आहे. नांदेड जिल्ह्यातील मुदखेड तालुक्यात बारड हे मोठे गाव आहे. तेथे अनेक मंदिरे आहेत, मशीद आहे, बुद्धविहार आणि जैन मंदिरही आहे. २०१८ साली गावाने एकमताने ठराव करून सर्व प्रार्थनास्थळांवरील भोंगे उतरवले. २०२२ साली भोंग्यांवरून राज्यभर वाद पेटला, तेव्हा चार वर्षे शांतता अनुभवत असलेले हे गाव बातम्यांत आले.

या ठरावाचे बळ कशात होते? ग्रामपंचायतीजवळ ध्वनी नियमांतील प्राधिकरणाचा अधिकार नव्हता आणि हा नियम डेसिबेलमध्येही लिहिलेला नव्हता. पण तो सर्वांना एकाच वेळी आणि सारखाच लागू झाला. एकाचा भोंगा उतरवून दुसऱ्याचा ठेवला असता तर तो नियम एका दिवसात मोडला असता.

म्हणून केंद्राचा आकडा आणि गावाचा ठराव यांत एकाची निवड करण्याचे कारण नाही. दोन्हींचे काम वेगळे आहे. ठराव गावकऱ्यांच्या संमतीवर चालतो, म्हणून तो रोजच्या रोज पाळला जातो. पण बहुमत ज्याच्या बाजूने नाही त्याला ठराव वाचवू शकत नाही. अशा एकट्या माणसासाठी आकडा आणि न्यायालय लागते. गावाचा ठराव एखाद्याच समाजावर रोखलेला असेल, तर त्यालाही त्या आकड्याच्या कसोटीवर उभे करावे लागते.

शाळेला काय करता येईल?

न्यूयॉर्कमधील एक शाळा उन्नत लोहमार्गाच्या शेजारी होती. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि सहकारी यांनी १९७५ साली दाखवून दिले की रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडली होती. पुढे रुळांखाली रबराचे थर आणि वर्गांना ध्वनिशोषक छत बसवल्यावर हा फरक उरला नाही, असे १९८१ च्या अभ्यासात दिसले. त्या शाळेची बाजू भक्कम झाली ती वाचनाच्या गुणांमुळे. आवाजाने झालेले नुकसान त्यांत दिसत होते.

आपल्या शाळांनाही हे करता येईल. आठवीच्या वर्गाला शांत दिवशी २५ अपरिचित शब्दांचे श्रुतलेखन द्यावे. बाहेर भोंगा चालू असताना तितकेच अवघड दुसरे २५ शब्द त्याच आवाजात द्यावेत. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या बाकावरील मुलांनी किती शब्द बरोबर ऐकले ते मोजावे. मोबाइलवरील ध्वनिमापक कायदेशीर पुरावा ठरत नाही, पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतील फरक दाखवायला तो पुरेसा आहे. चाचणी दोन-तीन वेळा करून आकडे तक्त्यात मांडावेत.

हा तक्ता गाव असेल तर ग्रामसभेत न्यावा. जळकोटसारख्या नगरपंचायतीच्या ठिकाणी तो मुख्याधिकारी, पोलीस ठाणे आणि तहसील कार्यालय यांच्यासमोर ठेवावा. सोबत एक चौकशी जरूर करावी. शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र, असे आपण धरून चालतो. २०१७ च्या दुरुस्तीने मात्र राज्य सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय ते क्षेत्र मानले जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने या दुरुस्तीला स्थगिती दिली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये त्या आदेशालाच स्थगिती दिली. तेव्हा आपली शाळा जाहीर यादीत आहे का, हे शाळेने पत्र लिहून विचारावे. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह जावे. त्यामुळे तक्रारीचा भार एका शिक्षकावर पडणार नाही.

बॅबेजने आपल्या गेलेल्या कामाचा हिशेब एकट्याने मांडला होता. शेवटच्या बाकावरील मुलीला २५ पैकी किती शब्द ऐकू आले, हा हिशेब मांडायला तर एक तास आणि एक वही पुरेशी आहे.